चालते कर्नेल थांबवून पाहणारे

कोल्हापूरहून निघालेला रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे चढत जेथे सह्याद्रीच्या माथ्याला लागतो आणि तेथून करूळ व भुईबावडा या दोन घाटांनी कोकणात उतरतो, तेथे वसलेले आमचे गगनबावडा आज ओळखले जाते ते वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या पावसामुळे आणि गगनगडावरील गगनगिरी महाराजांच्या मठामुळे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हे स्थान मोलाचे वाटते ते निराळ्या कारणाने. अमात्य घराण्याच्या बावडा जहागिरीचे हे मुख्य ठिकाण. राजाराम महाराज जिंजीस गेले तेव्हा महाराष्ट्रातील कारभार ज्यांच्या हाती ‘हुकूमतपनाह’ या किताबासह सोपवण्यात आला, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे १७१५ सालचे आज्ञापत्र आपल्यापुढे आहे, आणि त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण हा मराठी राज्यकारभाराच्या विचारातील सर्वांत परिपक्व भाग मानावा लागेल. किल्ल्याचा अंमल एकाच माणसाच्या हाती न देता हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यात तो विभागावा, म्हणजे एकाच्या चुकीने किंवा फितुरीने गड जाणार नाही, ही शिवकालापासून चालत आलेली व्यवस्था त्या विचाराच्या मुळाशी आहे.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, संगणकाच्या ज्या अंगाचा इतिहास मला मांडावयाचा आहे त्याची रचना बालेकिल्ल्याची आहे, पण तिला हा बंदोबस्त लाभलेला नाही. पत्र लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रे पाहण्याचे असे नित्याचे प्रोग्राम तटाबाहेरच्या पेठेत राहतात. त्यांच्यावर प्रोसेसर स्वतःच मर्यादा घालतो, त्यामुळे त्यांतील एखादा बिघडला तर तो एकटाच बंद पडतो आणि बाकीचे व्यवहार सुरळीत चालू राहतात. मेमरी, डिस्क, पडदा, नेटवर्क यांवरील सर्वाधिकार मात्र कर्नेल नावाच्या गाभ्याकडे असतो. आता प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी. ती भाषा जाणणारा जो प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो लिनक्ससारख्या कर्नेलमध्ये थेट बालेकिल्ल्यातच वस्तीला येतो आणि आत शिरताच त्याला गाभ्याचे सगळे अधिकार प्राप्त होतात. त्याच्या हातून चुकीच्या पत्त्यावर एखादा आकडा लिहिला गेला, तर ती जागा कोणाची होती हे विचारणारा अंमलदार आत कोणी नाही. चूक एका ध्वनिकार्डाच्या ड्रायव्हरची, आणि नष्ट झाली डिस्कवरील फाइल, असा प्रकार म्हणूनच संभवतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे बीज अशाच एका उपकरणाच्या प्रोग्राममध्ये आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला एक लेझर प्रिंटर भेट दिला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती की, कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना तशी सूचना जावी. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र कंपनीने दिला नाही, आणि ज्या संशोधकाकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून स्टॉलमन यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८६ साली, बिघडलेला प्रोग्राम थांबवून त्याचे अंतरंग तपासता यावे यासाठी, जीडीबी हा डीबगर लिहिला. या लेखाच्या कथेत जीडीबीला पुढे मोठे स्थान आहे.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या कर्नेलची पहिली वार्ता जाहीर केली, तेव्हा तीत एक कबुली होती: स्वतःच्या यंत्रात असलेल्या एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशाचा आधार या कर्नेलला बहुधा कधीच मिळणार नाही. ज्याच्या घरी जे उपकरण, त्याचा ड्रायव्हर तो लिहिणार, हा लिनक्सचा स्वभाव त्या दिवशीच ठरला. पुढे जगभरातील माणसांनी आपापल्या घरातील कार्डांसाठी, प्रिंटरांसाठी, मोडेमांसाठी ड्रायव्हर लिहून पाठवले. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती आली तेव्हा सोर्स कोडच्या सुमारे १,७६,००० ओळी होत्या, आणि पुढल्या काही वर्षांत ड्रायव्हरांचा वाटा इतका वाढला की गाभ्याचा मोठा भाग म्हणजे ड्रायव्हरच, अशी स्थिती झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली लिनक्सच्या अनेक आवृत्त्या यंत्राच्या साहाय्याने तपासल्या, तेव्हा उर्वरित कर्नेलच्या तुलनेत ड्रायव्हरांमधील दोषांचे प्रमाण तीनपासून सातपटीपर्यंत अधिक आढळले.

हे प्रमाण लेखकांच्या निष्काळजीपणाचे द्योतक आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या वाटेत जे अडथळे असतात ते अन्य प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वप्नातही दिसत नाहीत. उपकरणाला काही सांगायचे असेल तेव्हा ते इंटरप्ट पाठवते. प्रोसेसर त्या क्षणी जे करीत असेल ते अर्धवट सोडून ड्रायव्हरकडे येतो, आणि त्या अवस्थेत ड्रायव्हरला झोपण्याची, म्हणजे कशाची तरी वाट पाहत थांबण्याची, मुभा नसते. तेथे वाट पाहायला लावणारे एखादे फंक्शन नजरचुकीने बोलावले गेले, तर यंत्र कधी महिनाभर व्यवस्थित चालेल आणि कधी पहिल्याच दिवशी गोठून जाईल. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच यादीत फेरफार करू लागले तर यादी तुटते, म्हणून कुलूप लावावे लागते. आणि कुलूप हातात असताना इंटरप्ट आला व त्यानेही तेच कुलूप मागितले, तर दोघेही अनंतकाळ एकमेकांची वाट पाहत राहतात. शिवाय आजची उपकरणे प्रोसेसरला न विचारता स्वतःच मेमरीत लिहितात. ड्रायव्हरने त्यांना दिलेला पत्ता एका अंकाने चुकला की जे बिघडायचे ते बिघडते, आणि त्याची खूण दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच वेळी उमटते.

यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे प्रिंटके. ड्रायव्हरच्या ओळींमध्ये जागोजागी हे फंक्शन घालायचे, म्हणजे येथपर्यंत आलो, अमुक किंमत अमुक होती, असे संदेश कर्नेलच्या दप्तरी नोंदले जातात आणि मागाहून वाचता येतात. कर्नेलला आपली चूक स्वतः उमगली तर ते ऊप्स नावाचा एक पंचनामा छापतो, त्यात प्रोसेसरच्या त्या क्षणीच्या नोंदी आणि कोणत्या फंक्शनाने कोणाला बोलावले याची साखळी असते. अनुभवी माणूस तेवढ्यावरून दोषाच्या ओळीपर्यंत पोहोचतो. परंतु प्रिंटकेला संदेश लिहायला वेळ लागतो, आणि ज्या चुका दोन घटना एकमेकींच्या किती जवळ घडतात यावर अवलंबून असतात, त्या या वेळेच्या फरकामुळेच नाहीशा होतात: संदेश घातला की दोष जातो, संदेश काढला की परत येतो. आणि यंत्र पूर्ण गोठले, तर शेवटचा संदेशही पडद्यापर्यंत पोहोचत नाही.

अशा वेळी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चालते कर्नेल जागच्या जागी थांबवून बाहेरून त्याच्याकडे पाहणे. कर्नेल थांबले की पडदा, कळफलक, डिस्क सारेच थांबते, म्हणून पाहणारा त्याच यंत्रावर असून चालत नाही. दुसरे यंत्र लागते. दोन संगणक सिरियल केबलने जोडायचे, एकावर सदोष ड्रायव्हर असलेले कर्नेल आणि दुसऱ्यावर जीडीबी. पहिल्या यंत्रातील कर्नेलमध्ये एक छोटा दूत बसवलेला असतो, तो केबलवरून येणारे हुकूम ऐकतो: अमुक पत्त्यावरील मेमरी वाच, अमुक ठिकाणी थांब, एक पाऊल पुढे जा. प्रत्येक हुकमाच्या आरंभी डॉलरचे चिन्ह, शेवटी त्यातील अक्षरांच्या बेरजेवरून काढलेला दोन अंकी पडताळा, आणि पडताळा जुळला तर उलट टपाली अधिकचे चिन्ह. एवढ्या साध्या पत्रव्यवहारावर ही सगळी विद्या उभी आहे. थांबण्याची जागा ठरवायची म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरवर मूळ आज्ञेच्या पहिल्या बाइटच्या जागी एकच विशिष्ट बाइट लिहायचा. प्रोसेसर तेथे आला की त्याला सक्तीने दूताकडे वळावे लागते. एकाहून अधिक प्रोसेसर असतील तर एकाला थांबवून भागत नाही, बाकीच्यांनाही त्याच क्षणी बोलावून जागेवर उभे करावे लागते, नाहीतर तपासणी चालू असताना ते पुरावा बदलून टाकतात. या व्यवस्थेला केजीडीबी असे नाव आहे.

केजीडीबीचा आरंभ डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान एव्हाझियन यांच्या हातचा आहे, आणि त्याच्याही मागे ग्लेन एंगल यांनी लेक स्टीव्हन्स येथे लिहिलेला जीडीबीच्या दूताचा जुना नमुना आहे. परंतु लिनक्सच्या इंटेल यंत्रांवरील केजीडीबी सांभाळून, वाढवून, जगभरातील ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हाती देण्याचे काम २००० नंतरच्या वर्षांत झाले ते मुख्यतः अमित काळे या मराठी अभियंत्याच्या हातून आणि पुण्यात. त्या काळच्या केजीडीबीवर २०००-२००१ या सालांसाठी व्हेरिटास कंपनीचे नाव आहे, नंतर टाइमसिस या कंपनीचे, २००३-२००४ साठी खुद्द काळे यांचे, आणि २००४ ते २००६ या काळासाठी लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या पुण्यातील त्यांच्या कंपनीचे. सोर्स कोडच्या माथ्यावरील या चार ओळी म्हणजे सात वर्षांच्या परिश्रमाची सनदच होय.

हे परिश्रम मोठे का, ते समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहिली पाहिजे. केजीडीबीला इंटेलच्या यंत्रांसाठी मुख्य कर्नेलमध्ये प्रवेश नव्हता. सप्टेंबर २००० मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपला विरोध स्पष्ट शब्दांत जाहीर केला होता: डीबगर त्यांना आवडत नव्हते, कर्नेलमध्ये ते नकोत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामागचा युक्तिवाद हा की, डीबगर हाती असलेला माणूस लक्षण पाहतो व लक्षणावर उपाय करून मोकळा होतो, तर डीबगर नसलेल्याला सोर्स कोड पुन्हा पुन्हा वाचून विचार करावा लागतो आणि तो मूळ कारणापर्यंत जातो. सावकाश, पण विचारपूर्वक काम करणारी माणसे त्यांना हवी होती. त्यांच्या हुकमाला धरून केजीडीबी, तसेच एसजीआय कंपनीने सांभाळलेला केडीबी हा दुसरा डीबगर, दोन्ही वेशीबाहेर राहिले.

वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहजी यायची नाही. कर्नेलचे अंतरंग स्थिर नसते. काही आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीत कोठे फंक्शनाचे नाव बदलते, कोठे कुलुपाची पद्धत, कोठे इंटरप्टची वाट. मुख्य कर्नेलमधील ड्रायव्हर त्या बदलाबरोबर बदलण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावर असते. बाहेरच्या पॅचला, म्हणजे मूळ कोडवर वरून चढवलेल्या बदलांच्या संचाला, असा वाली नसतो. केजीडीबी तर इंटरप्ट, अपवाद आणि प्रोसेसरांची थांबवाथांबव या सर्वांत नाजूक ठिकाणांना हात लावणारा. तेथे एक ओळ हलली की पॅच बसेनासा होतो. असा पॅच वर्षानुवर्षे, आवृत्तीमागून आवृत्तीशी जुळवत ठेवणे, हे दरवर्षीच्या पावसात घाटात कोसळणारी दरड उपसून वाट मोकळी ठेवण्यासारखे काम होते. वाट वापरणाऱ्याला ते दिसत नाही आणि करणाऱ्याला त्यातून सुटका नसते.

पुण्यातील कामात ड्रायव्हर लिहिणाऱ्याची एक विशेष अडचण सोडवण्याकडे लक्ष दिलेले दिसते. लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुधा मॉड्यूलच्या रूपाने, म्हणजे कर्नेल चालू असतानाच आत घेतला जातो, आणि तो मेमरीत कोठे जाऊन बसेल हे आधी ठाऊक नसते. दुसऱ्या यंत्रावरील जीडीबीला ती जागा कळली नाही, तर सोर्स कोडची कोणती ओळ चालू आहे हे त्याला सांगता येत नाही, पाहणाऱ्यापुढे नुसत्या आकड्यांची रास उरते. यावर काळे यांच्या केजीडीबीबरोबर मॉड्यूल भरताना त्याच्या जागा टिपून जीडीबीला कळवणारी एक स्क्रिप्ट मिळे, आणि पुढे ‘जीडीबीमॉड’ नावाची जीडीबीची सुधारित आवृत्तीही, जी हे काम आपोआप करी. मॉड्यूल आत येताच, त्याची पहिली ओळ चालण्याआधी, थांबता यावे, हे ड्रायव्हरच्या आरंभीच्या फंक्शनात दोष असलेल्या माणसाला किती मोलाचे, ते ज्याने असा दोष शोधला आहे त्यालाच कळेल. मला स्वतःला या विद्येतील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

आता टोरवाल्ड्स यांच्या आक्षेपाचा न्याय करू. कर्नेलच्या शुद्ध तर्काच्या भागांत, म्हणजे प्रक्रियांचे वेळापत्रक, फाइलींची व्यवस्था, मेमरीची वाटणी यांत, त्यांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. तेथे जे घडते त्याचे संपूर्ण कारण सोर्स कोडमध्येच असते, आणि जो तो कोड मन लावून वाचील त्याला डीबगरची गरज क्वचितच पडेल. ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आहे. ड्रायव्हर हे एका संवादाचे अर्धे टिपण असते; उरलेला अर्धा भाग सिलिकॉनमध्ये कोरलेला, आणि तो वाचण्याचा परवाना लेखकाला नसतो. कंपनीने दिलेली माहितीपुस्तिका अपुरी असते, कधी चुकीची असते, कधी मिळतच नाही. २००७ च्या आरंभी कर्नेलचे एक विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांना जाहीर करावे लागले की, कंपन्यांनी केवळ माहिती द्यावी, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. ज्या रजिस्टरमध्ये शून्य असायला हवे तेथे एक का आला, इंटरप्ट एकदा यायचा तो दोनदा का आला, याचे उत्तर सोर्स कोड कितीही वेळा वाचून मिळत नाही, कारण ते सोर्स कोडमध्ये नाहीच. तेथे थांबून पाहावेच लागते. टोरवाल्ड्स यांनी आपल्या कर्नेलच्या गाभ्याचा विचार करून नियम घातला, आणि तो त्या कर्नेलच्या सर्वांत मोठ्या भागाला, ड्रायव्हरांना, लागू पडला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांचा नियम मोडण्याचे काम कोणा बंडखोराने केले नाही. ते हळूहळू, अनेक हातांनी झाले. अँड्र्यू मॉर्टन यांनी आपल्या प्रायोगिक कर्नेलमध्ये केजीडीबीला बराच काळ जागा दिली होती, त्यामुळे डीबगर हाती असलेले विचारी लोकही असतात हे सर्वांच्या दृष्टीस येत राहिले. २००४ साली पावेल माखेक, टॉम रिनी, जॉर्ज अँझिंगर आणि काळे यांच्यात केजीडीबीचे भारी अंग उतरवून एक हलकी, मुख्य कर्नेलने स्वीकारण्याजोगी आवृत्ती करण्याविषयी पुष्कळ चर्चा व काम झाले. त्या वर्षी यश आले नाही. नंतर विंड रिव्हर कंपनीतील जेसन वेसेल यांनी सूत्रे हाती घेतली, २००८ च्या आरंभी इंगो मोल्नार यांनी ते आणखी सोपे व स्वच्छ केले, आणि एप्रिल २००८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी इंटेल यंत्रांसाठीचे केजीडीबी मुख्य कर्नेलमध्ये दाखल करून घेतले. १३ जुलै २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ या आवृत्तीत ते जगापुढे आले. इथरनेटवरून डीबग करण्याची सोय त्यात घेतली गेली नाही, सिरियल केबलची घेतली गेली. आणि १ ऑगस्ट २०१० च्या २.६.३५ मध्ये केडीबीही त्याच चौकटीत येऊन बसला.

केजीडीबी दाखल झाले त्याच वर्षी, जणू सावधगिरीचा पक्षही दप्तरी नोंदला जावा म्हणून, एक भयंकर प्रसंग घडला. सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ ची चाचणी चालू असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डे कायमची निकामी होऊ लागली. ई१०००ई या ड्रायव्हरखाली चालणाऱ्या या कार्डांच्या अंगी एक कायमस्वरूपी मेमरी असते, तीत कार्डाचा पत्ता व अन्य माहिती असते. ती कोणीतरी पुसून टाकत होते आणि कार्ड पुन्हा ओळखू येत नव्हते. साहजिकच संशय ड्रायव्हरवर गेला. इंटेलच्या लोकांनी घाईने ती मेमरी लिहिण्यास बंद करणारे संरक्षण ड्रायव्हरमध्ये घातले, पुष्कळ लोकांनी आपली यंत्रे पणाला लावून तपासणी केली, आणि ऑक्टोबरमध्ये खरा अपराधी सापडला तो डीबग करण्याच्याच साधनांत. एफट्रेस नावाचा, कर्नेलची फंक्शने कोणत्या क्रमाने बोलावली जातात हे टिपणारा नवा भाग, फंक्शनांच्या आरंभी आज्ञा बदलण्यासाठी पूर्वी नोंदवलेल्या पत्त्यांवर जात होता. त्यांतील काही पत्ते मॉड्यूल भरून झाल्यावर मोकळे झालेल्या जागेचे होते, आणि त्याच जागी मागाहून कार्डाच्या कायम मेमरीची खिडकी उघडली गेली होती. तपासायला गेलेल्या साधनाची लेखणी अशा रीतीने दुसऱ्याच्या दप्तरात चालली. ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ बाहेर पडले, आणि काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला.

हा प्रसंग मी टोरवाल्ड्स यांच्या बाजूने साक्षीला ठेवतो, कारण इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही पक्षांचे पुरावे रुजू केले पाहिजेत. पण त्याच प्रसंगातून हेही दिसते की, त्या ड्रायव्हरचा सोर्स कोड कितीही डोळ्यांत तेल घालून वाचला असता तरी दोष सापडला नसता. तो ड्रायव्हरमध्ये नव्हता. चालत्या यंत्रावर, खऱ्या कार्डावर पाहणाऱ्या माणसांनीच तो शोधला.

पुण्यातील काम केजीडीबीवर थांबले नाही. अमित काळे यांच्याच नावाने ऑक्टोबर २००६ मध्ये नेटझेन कंपनीच्या दहा गिगाबिट इथरनेट कार्डांचा ड्रायव्हर कर्नेलकडे पाठवला गेला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२० मध्ये तो आला; डीबगर घडवणाऱ्या हाताने ड्रायव्हरही लिहिला, ही गोष्ट मला अत्यंत समाधानाची वाटते. २०१०-११ च्या सुमारास पुण्यातीलच केक्यू इन्फोटेक या कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस ही फाइल व्यवस्था लिनक्सच्या कर्नेलमध्ये चालवून दाखवली. आयबीएमच्या बंगळूरमधील अभियंत्यांचा मोठा वाटा असलेले केप्रोब्स हे साधन, जे यंत्र न थांबवता कर्नेलच्या कोणत्याही ठिकाणी पाहणी करू देते, २००४ च्या २.६.९ मध्येच मुख्य कर्नेलमध्ये आले होते. म्हणजे कर्नेलच्या अंतरंगात पाहण्याच्या साधनांच्या इतिहासात या देशातील माणसांचा भाग लहान नाही, आणि त्यात पुण्याचा भाग तर ठळक आहे. तरीही पुण्याच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा वृत्तान्त लिहिला जातो तेव्हा त्यात निर्यातीचे आकडे येतात, मोठ्या इमारतींची नावे येतात, आणि कर्नेलच्या आत कोरलेली ही नावे येत नाहीत.

ही उणीव भरून काढण्याची वेळ अजून गेलेली नाही. कोडचे दप्तर स्वतःला जपून ठेवते; कोणत्या तारखेला कोणी कोणती ओळ बदलली हे उद्याही पाहता येईल. परंतु त्या ओळी कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रांवर, कोणत्या अडचणीत लिहिल्या गेल्या, सिरियल केबलच्या दोन टोकांशी रात्र जागून कोणी कोणाला काय शिकवले, हे दप्तरात नाही. ज्यांनी ते केले ते आज आपल्यात आहेत. २००० ते २००८ या काळात पुण्यात कर्नेलवर काम केलेल्या अभियंत्यांनी आपल्या आठवणी मराठीत लिहून ठेवाव्यात, आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी जुन्या घराण्यांची दप्तरे जशा आस्थेने गोळा केली तशाच आस्थेने या मंडळींच्या जुन्या डिस्का, पत्रव्यवहार आणि टिपणे मिळवून जतन करावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोल्हापूर आणि सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणखी एक सांगणे आहे. आज या विद्येला दोन यंत्रांचीही गरज राहिलेली नाही. क्यूएमू या मुक्त प्रोग्रामने एकाच संगणकात दुसरा काल्पनिक संगणक उभा करता येतो, आणि त्याच्या काल्पनिक सिरियल दारातून जीडीबी आत जातो. रुबिनी, कॉर्बेट आणि क्रोआ-हार्टमन यांच्या लिनक्स ड्रायव्हरांवरील पुस्तकाची २००५ सालची तिसरी आवृत्ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. कर्नेलचा सोर्स कोड तर सर्वांचाच आहे. गगनबावड्यातील मुलाला ड्रायव्हर लिहायला शिकवण्यासाठी लागणारी सगळी सामग्री आज विनामूल्य उपलब्ध आहे. अभ्यासक्रमात या विद्येला एक तास मिळावा.